दुकान वाढवलं

आमच्यात दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. रात्री नऊला गल्ला मोजून झाला की अण्णा दुकानातल्या पोराला म्हणायचे, "चल रे, वाढवूया," आणि पोरगा फळ्या लावायला घ्यायचा. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो, मंगळसूत्र तुटलं की वाढलं म्हणायचं, तसलंच हे. मी लहान असताना मला खरंच वाटायचं की रोज रात्री आमचं दुकान थोडं थोडं मोठं होत असणार, आणि सकाळी शाळेला जाताना मी मुद्दाम हरभट रोडवरून वाकडी वाट करून बघायला जायचे. तेवढंच असायचं. दहा बाय बावीस.

गेल्या वर्षी मार्चमध्ये अण्णांनी ते कायमचं वाढवलं. फॉर्म मीच भरला, कारण माझा धंदाच तो आहे.

म्हणजे मी सांगलीत टॅक्सची कामं करते, जीएसटी, इन्कम टॅक्स, शॉप अॅक्ट, सगळं. व्हॅटच्या काळापासून. ऑफिस विश्रामबागेत आहे, पहिल्या मजल्यावर, खाली एक चष्म्याचं दुकान आहे आणि शेजारी एक गाळा आहे ज्यात दर वर्षी नवीन काहीतरी येतं. त्यामुळं गावात काय उघडतंय नि काय बंद पडतंय हे मला बोर्ड लागायच्या आधी कळतं. उघडणारे लोक ऑफिसला येतात, नवराबायको दोघं येतात, कधी आई पण असते सोबत, पेढे आणतात, दुकानाचं नाव पत्रिकेत बघून काढलेलं असतं. बंद करणारे येत नाहीत. ते फोन करतात आणि तो फोन बहुतेक दुपारी दोन ते चारच्या मधे येतो, दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा. आधी पाऊसपाणी बोलतात, मग मुलांचं शिक्षण विचारतात, मग हळूच, "मॅडम, ते नंबर सरेंडर करायला किती दिवस लागतात ओ?"

जीएसटी नंबर सरेंडर करायचा फॉर्म ऑनलाइन असतो. त्यात एक कारण निवडायचं असतं, टाइप करायचं नसतं, यादीतलं एक निवडायचं. धंदा बंद केला, टॅक्स लागण्याइतकी उलाढाल राहिली नाही, धंदा दुसऱ्याच्या नावावर केला, पॅन बदलला, मालक वारला. अशी यादी. ह्यात गुडघे नाहीत. मुलगा हिंजवडीत आहे आणि तो परत येणार नाही हे नाही. पूर नाही. समोर एकेरी वाहतूक केली हे नाही. मी आजपर्यंत कितीतरी लोकांचं पहिलंच कारण निवडलंय, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात शेवटचं एवढ्या वेळा निवडलं की एका संध्याकाळी माउस बाजूला ठेवून खाली चष्मेवाल्यांकडं जाऊन नुसती बसले होते.

पण मी आमच्या दुकानाचं सांगत होते.

आजोबांनी १९५८ ला काढलं ते. वह्या, पुस्तकं, पेनं, कंपासपेट्या, शाईच्या बाटल्या, दिवाळीत आकाशकंदिलाचे कागद, पाडव्याला लाल बासनातल्या चोपड्या. एका वाड्याचा पुढचा भाग होता तो, पागडीची जागा, म्हणजे आधी एक मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्यानं घेतलेली, भाडं शेवटपर्यंत महिना एकशे ऐंशी रुपये. बाहेरच्यांना हे ऐकून चक्कर येते. पण पागडी म्हणजे फुकट नव्हे हो, आजोबांनी तेव्हा बायकोच्या पाटल्या मोडून पागडी दिली होती, आणि महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यानं, १९९९ चा तो, पागडी घेण्यादेण्याला मान्यता पण दिलीय. भाडेकरू हलत नाही, मालकाला भाडं परवडत नाही, म्हणून मालक वाड्याला चुना लावत नाही, आणि वाडा मग एक दिवस स्वतःच ठरवतो काय करायचं ते. जुन्या पेठांतल्या निम्म्या दुकानांची गोष्ट हीच आहे, गणपती पेठेत जा, कापड पेठेत जा, मान वर करून पहिल्या मजल्याची सडलेली लाकडं बघा.

दुकानाला शटर नव्हतं. फळ्या होत्या, नऊ. सागवानी, उभ्या, वरच्या नि खालच्या खाचेत एकेक सरकवत न्यायच्या आणि शेवटी आडवी लोखंडी पट्टी घालून कुलूप. सगळ्या फळ्या दिसायला सारख्या पण रुंदीला प्रत्येक वेगळी, कुठली अर्धा इंच जास्त कुठली पाव इंच कमी, त्यामुळं क्रम चुकला की नववी बसायचीच नाही. म्हणून प्रत्येकीवर आजोबांनी तांबड्या रंगानं आकडा घातलेला. एक ते नऊ. मी आकडे शिकले ते पाटीवर नाही, त्या फळ्यांवर शिकले, आणि आमचा नवाचा आकडा जरा वेगळा होता, जुन्या पद्धतीचा, त्यामुळं शाळेत बाई रागवायच्या.

सहा नंबर २००५ च्या पुरात वाहून गेली.

सांगलीत पूर हा विषय काढला की कुणालाही थांबवता येत नाही, मी पण थांबणार नाही. बाहेरगावचे लोक पावसाळ्यात हवामान बघतात, आम्ही आयर्विन बघतो. आयर्विन पूल, १९२९ चा, कृष्णेवरचा. त्याच्यावर फूट लिहिलेत, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. जुलै-ऑगस्टमधे दोन माणसं भेटली की बरंय का विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात, आणि कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे आमच्या भाजीवालीला पण तोंडपाठ असतं. २००५ ला पाणी दुकानात आलं, चार दिवस राहिलं, फळ्या दाबानं निखळल्या आणि सहा नंबर गेली. अण्णांनी तिच्या जागी प्लायवूडची करून घेतली, मापात, आकडा पण घातला. आणि आत भिंतीवर पेन्सिलनं एक रेघ मारून ठेवली, इथपर्यंत आलं होतं म्हणून. त्या रेघेच्या वर एक हात सोडून नवीन माळा केला. हिशोबी माणूस. पुढच्या वेळी माल माळ्यावर, प्रश्न मिटला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला ५७ फुटांच्या पुढं पाणी गेलं आणि माळा बुडाला.

पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हाचं एक सांगते, बाकीचं सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. चिखल होता, वास होता, ते अपेक्षित होतं. पण कपाटं उघडेनात. सागवानी कपाटं, काचेच्या दारांची, आणि आत गच्च वह्या. वही भिजली की फुगते, एक वही फुगली तर काही नाही, पण कपाटात शंभर पानी, दोनशे पानी अशा कप्प्या कप्प्यानं दाबून लावलेल्या हजारभर वह्या एकदम फुगल्या की त्यांची ताकद बघायला पाहिजे. काचा फुटल्या होत्या. दारं बाहेरच्या बाजूला पोटासारखी आली होती. एका कपाटाची मागची फळी खिळ्यासकट निघून भिंतीला टेकली होती. आम्ही ओढून बघितलं, एक वही निघेना, सगळ्यांचा मिळून एकच ठोकळा झालेला. शेवटी शेजारच्या हार्डवेअरवाल्या काकांनी पहार आणली आणि अण्णांनी आजोबांचं कपाट स्वतःच्या हातानं फोडलं, मला नाही फोडू दिलं, दादाला पण नाही. प्लायची सहा नंबर पापडाच्या थप्पीसारखी पदर पदर सुटून पडली होती. बाकीच्या आठ उभ्या होत्या, धुतल्या आणि परत लावल्या.

सरकारनं दुकानदारांना मदत जाहीर केली, नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार. जुलैच्या जीएसटी रिटर्नला पूरग्रस्त जिल्ह्यांत २० सप्टेंबरपर्यंत मुदत पण मिळाली. आता हे नीट ऐका, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे आणि मला अजून पचलेलं नाही. दुकानदार माल विकत घेतो तेव्हा त्यावर टॅक्स भरतो आणि विकल्यावर तो वळता करून घेतो, त्याला इनपुट क्रेडिट म्हणतात. माल विकलाच गेला नाही, नष्ट झाला, तर ते क्रेडिट मिळत नाही, घेतलं असेल तर परत भरायचं. कायद्यात तसं स्पष्ट आहे, चोरीला गेलेला, हरवलेला, नष्ट झालेला माल. म्हणजे वह्यांचा लगदा ट्रॅक्टरमधून टाकून आल्यावर मी अण्णांना सांगितलं की त्या लगद्यावरचं १२ टक्के क्रेडिट उलटवायला लागणार. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. कायदा आहे म्हणजे भरूया." आणि मला तेव्हा त्यांचा इतका राग आला ना.

त्या महिन्यात हरभट रोडला, मारुती रोडला, कापड पेठेत दुकानांच्या बाहेर भिजलेल्या मालाचे ढीग होते, साड्या, शर्टपीस, टॉवेल, आणि लोक तुटून पडले होते घ्यायला. मी पण दोन चादरी घेतल्या. एक अजून आहे. नाव ठेवणारे नाव ठेवत होते की लोकांना लाज नाही, पण दुकानदाराला विचाराल तर तो ढीग विकला गेला म्हणून तो गणपतीपर्यंत तगला.

तर मग लोक म्हणतात की सांगलीचा बाजार पुरानं हलवला, विश्रामबागेला नेला. अर्धं खरंय. विश्रामबाग पूर्वी आम्हाला लांब वाटायचं, विलिंग्डन कॉलेज आणि वालचंद कॉलेज, तिथं मुलं शिकायला जायची आणि संध्याकाळी घरी यायची, एवढंच. १९९८ ला सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली, मधली मोकळी जागा भरत गेली, आणि मिरजेला जायचा रस्ता हाच बाजार झाला. उंच आहे, पाणी येत नाही, गाडी लावायला जागा आहे. प्रत्येक पुरानंतर माझ्याकडं 'पत्ता बदल'चे अर्ज वाढतात हे मी स्वतः बघितलंय, २०१९ ला वाढले, २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा तर लोकांनी माल आधीच हलवला होता आणि काहींनी तो परत आणलाच नाही, जिथं नेला तिथंच दुकान मांडलं. पण पूर नसता आला तरी बाजार हललाच असता, फक्त जरा सावकाश. कोल्हापुरात, सोलापुरात, कुठंही बघा, मोठ्या कंपनीच्या दुकानाला जुन्या पेठेत जागाच मिळत नाही. तिला लागतं सलग मोठं क्षेत्रफळ, समोर पार्किंग, एक मालक, स्वच्छ कागद. पेठेत एका भिंतीला चार वारस असतात.

आणि त्या मोठ्या दुकानांना शिव्या घालायला मला जमत नाही, कारण मी पण तिथंच जाते. डीमार्टची गंमत अशी की बहुतेक ठिकाणी ते जागा भाड्यानं घेत नाहीत, स्वतःच्या मालकीची करतात, मग भाडं वाढेल ही भीतीच नाही. आमच्या गणपती पेठेतले किराणावाले काका महिन्यातनं दोनदा ऑफर बघून तिथनंच साबण आणि तेलाचे डबे उचलून आणतात नि दुकानात विकतात, कारण त्यांना एजन्सीवाला देतो त्याच्यापेक्षा तो भाव कमी पडतो. हे त्यांनी मला हसत सांगितलं. झुडिओत माझी मुलगी मैत्रिणींना घेऊन जाते, दोन तास घालवते, एक टीशर्ट घेते, कुणी तिला "काय दाखवू?" विचारत नाही आणि तिला तेच आवडतं. अण्णांच्या दुकानात पाय ठेवला की पहिलं वाक्य तेच असायचं. आमची पिढी त्या वाक्याला लाजून नको असलेलं पेन घेऊन बाहेर पडायची. पण मोठं दुकान पण अमर नसतं, बिग बझारचं काय झालं बघितलंच की, २०२२ ला एकेक करत गेलं आणि त्या जागेत दुसऱ्या कंपनीचा बोर्ड लागला. त्यांना माझ्यासारखीला फोन करून पाऊसपाणी बोलायला लागलं नसेल एवढंच.

खरी मजा त्या छोट्या नवीन दुकानांची आहे, मी त्यांना अकरा महिन्यांची दुकानं म्हणते. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो (नोंदणी तरी पण करावीच लागते हां, महाराष्ट्रात, लोकांना वाटतं अकरा महिने म्हणजे सुटलो), आणि दुकानाचं आयुष्य पण साधारण तेवढंच. माझ्या शेजारच्या गाळ्यात आधी मोबाईल कव्हर होतं, मग वॉफल, मग लॉकडाऊनमध्ये सॅनिटायझर आणि मास्क, मग अमृततुल्य चहाची फ्रँचायझी, मग केक, आता मोमो आहे. प्रत्येक वेळी तीच कागदपत्रं. मालकाचं संमतीपत्र, लाईट बिल, करार, बोर्डासकट दुकानाचा फोटो. शॉप अॅक्टला माणसं कमी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना दिली की झालं. सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या सप्टेंबरात दोन महिन्यांत मराठी बोर्ड लावा म्हणून सांगितलं तेव्हा मी सगळ्यांना मेसेज केले, तर दुसरा एक वॉफलवाला विचारतो, "मॅडम, वॉफलला मराठीत काय?" मी म्हटलं वॉफलच लिही बाबा, देवनागरीत लिही.

मला त्या पोरांचं वाईट वाटतं आणि राग पण येतो. गाळ्याचं भाडं पस्तीस हजार, डिपॉझिट तीन लाख, फर्निचर चार लाख, आणि धंदा काय करायचा हे इन्स्टाग्रामवर बघून ठरवलेलं. पहिले दोन महिने गर्दी, ओळखीचे येतात, फोटो काढतात. तिसऱ्या महिन्यात पोरगा स्वतःच काउंटरवर मोबाईल बघत बसलेला. अण्णा एकदा माझ्या ऑफिसला आले होते तेव्हा खालचं चहाचं दुकान बघून मला म्हणाले, "ह्याला उधारी मागणारं एक तरी गिऱ्हाईक आहे का?" मी म्हटलं नाही, सगळे स्कॅन करतात. "मग टिकणार नाही. उधारी मागणारा परत येतो." मी हसले, कारण अण्णांची बुडालेली उधारी मीच तीन वर्षं वहीत ओढत होते. पण दुकान टिकलं नाही हे खरं.

आमचं दुकान मात्र पुरानं मारलं नाही. हे मला हिशोब बघताना कळलं, अण्णांना त्याआधी कळलं असणार. विक्री २०१९ च्या आधीच उतरत होती. पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी नि अनुदानित शाळांत फुकट मिळतात, चांगलंच आहे, मिळायलाच पाहिजेत, पण मग जूनची रांग गेली. ज्यांना परवडतं ती मुलं गेली इंग्रजी शाळांत, तिथं पुस्तकं, वह्या, कव्हर, लेबल सगळ्याचा गठ्ठा शाळेतच मिळतो, बाहेरून आणलेलं चालत नाही. मग २०२३ ला बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली, दप्तराचं ओझं कमी करायला म्हणून. अण्णांनी ते पुस्तक हातात घेऊन पानं फुर्रकन सोडली आणि म्हणाले, "आता आपण काय फक्त खोडरबर विकायचं का?" दोन वर्षांत सरकारनं ती पानं काढून पण टाकली, पण तोवर आमच्या होलसेलवाल्याकडची जूनची ऑर्डर निम्म्यावर आली होती. झेरॉक्स, लॅमिनेशन, दहा रुपयाची पेनं आणि कुपवाडच्या दोन कारखान्यांची ऑफिस स्टेशनरी, एवढ्यावर दिवस चाललेले.

आणि मग वाड्याच्या मालकांचा फोन आला, बिल्डर बघितलाय.

मालक वाईट नव्हते. पुण्यात असतात, तीन भावंडं, तिघं साठीच्या पुढं. बिल्डर पण गावातलाच, बोलायला गोड, आल्या आल्या अण्णांच्या पाया पडला. टेबलावर नकाशा पसरला. वाडा पाडायचा, पुढं रस्तारुंदीची रेष आहे तेवढं सोडायचं, राहिलेल्या जागेत पाच मजले. अण्णांना त्यांच्या आत्ताच्या वापरातल्या जागेइतका गाळा नवीन बिल्डिंगमध्ये, पागडी जाऊन मालकी हक्क, वर बांधकाम होईस्तोवर भाडं. कागदावर उत्तम. मी स्वतः वाचला करार, उत्तम होता.

"गाळा कुठं?" अण्णांनी विचारलं.

त्यानं पेन्सिलनं दाखवलं. पहिल्या मजल्यावर. कारण इथं पूररेषा आहे ना, निळी आणि लाल. निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. (आम्ही चौदा-पंधरा वर्षांत दोनदा बघितला, पण असो.) आता ह्या दोन रेषांच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर घ्यायला लागतं, म्हणून खाली सगळं मोकळं, पार्किंग, आणि दुकानं वरून सुरू. बिल्डर म्हणाला, "काका, आता तुमच्या दुकानात पाणी येणारच नाही, बघा." खरंच होतं. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा.

अण्णा बराच वेळ नकाशाकडं बघत होते. मग म्हणाले, "पाणी येणार नाही. गिऱ्हाईक पण येणार नाही. पाच रुपयाच्या रिफिलसाठी कोण जिना चढतंय?"

त्याच्याकडं ह्याला उत्तर नव्हतं, आणि असायचं कारण पण नाही, तो बरोबरच बांधत होता. मी घरी येऊन खूप वाद घातला. मी म्हटलं ऑनलाइन करूया, मी म्हटलं वर लायब्ररी टाकूया, दादा पुण्याहून फोनवर म्हणाला को-वर्किंग करा. आई म्हणाली, "त्यांना बसू दे आता घरी, गुडघे बघितलेस का त्यांचे," आणि अण्णा शेव घातलेला भडंग खात ऐकत होते. खाऊन झाल्यावर म्हणाले, "गाळा तू घे. ऑफिसला बरा पडेल. टॅक्सवाल्याकडं लोक जिना चढून येतात."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही माल मोजला. बंद करताना शिल्लक मालावरचं क्रेडिट परत भरायचं असतं आणि तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न द्यायचं असतं, त्यामुळं मोजणं आलंच. मी लॅपटॉप घेऊन पायरीवर बसले, अण्णा आतून ओरडत होते, नि मी टाइप करत होते. शंभर पानी एकेरी, चाळीस डझन. चित्रकला वही मोठी, सहा डझन. ग्राफ पेपर, अडीच रीम. लाख, सील करायची, तेरा कांड्या. बोरू, एक पुडका. मी म्हटलं बोरू? कधीचे? म्हणाले तुझ्या आजोबांनी आणलेले, टाक किंमत शून्य. टाक नावाचं लाकडी पेन असतं, त्याच्या निबा पण निघाल्या, गंजलेल्या, त्या पण शून्य. असं शून्य किमतीचं सामान मोजायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक वस्तूला अण्णा थांबायचे. येणारे जाणारे आत डोकवायचे, "काय अण्णा, स्टॉकटेकिंग काय?" आणि अण्णा म्हणायचे, "होय, मार्च एंड."

कुणालाच सांगितलं नव्हतं त्यांनी. बंद होणार म्हणून सेल पण लावला नाही. राहिलेला माल मिरजेच्या एका लॉटवाल्यानं उचलला, वजनावर नव्हे पण जवळपास तसाच.

एकतीस मार्चला रात्री गल्ला मोजला. ६४० रुपये. अण्णांनी स्वतः फळ्या लावल्या, एक, दोन, तीन, करत. मी सहा नंबर दिली हातात, ती आता जांभळाची आहे, २०१९ नंतर केलेली, तिच्यावरचा आकडा मी घातलाय, सहाचं शेपूट जरा जास्तच लांब झालंय. नववी नेहमीसारखी अडली, त्यांनी खालून बुटानं एक ठोका दिला, बसली. पट्टी, कुलूप. घरी आल्यावर मी फॉर्म उघडला. कारणाची यादी आली. मी म्हटलं, "अण्णा, काय टाकू?"

"काय काय आहे?"

वाचून दाखवली. शेवटचं वाचलं नाही.

"वाढवलं असं नाही का त्यात?"

"नाही."

"मग टाक काय टाकायचं ते." आणि ते हात धुवायला गेले.

सप्टेंबरात, २२ तारखेला, वह्यांवरचा जीएसटी शून्य झाला. पेन्सिल, खोडरबर, सगळं शून्य. माझा फोन दिवसभर वाजत होता, स्टेशनरीवाले क्लायंट विचारत होते जुन्या मालाचं काय करायचं. संध्याकाळी घरी गेले तर अण्णा पेपरमधली ती बातमी चष्मा कपाळावर ठेवून वाचत होते, म्हणाले, "सहा महिने आधी करायला काय झालं होतं ह्यांना," आणि पान उलटलं. खेळाचं.

वाडा दिवाळीनंतर पाडला. जेसीबीला दीड दिवस लागला, आतल्या भिंती मातीच्याच होत्या. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पेन्सिलची रेघ असलेली भिंत गेलेली होती. फळ्या मी आधीच काढून आणल्या होत्या. इकडच्या सुताराला बोलावून ऑफिसमध्ये त्यांचं फायलींचं रॅक करून घेतलं, आडव्या लावून, आकडे दर्शनी बाजूला येतील असे. छान झालं, मला तरी वाटलं, क्लायंट फोटो काढतात.

गेल्या आठवड्यात अण्णा आले, जिना चढायला पाच मिनिटं लागली, मी खाली आणायला गेले तर हात झटकला. खुर्चीवर बसून पाणी प्यायले. बराच वेळ रॅककडं बघितलं.

"चार आणि पाच उलटंपालटं लावलंय त्यानं."

मी म्हटलं, रॅकला काय फरक पडतो अण्णा, ह्यात क्रम लागत नाही.

"नववी बसली का मग?"

मी बघितलं. सगळ्यात खालच्या कप्प्याला, उजव्या बाजूला, सुतारानं पाव इंचाची एक पट्टी ठोकून फट बुजवली होती. माझ्या लक्षात पण आलं नव्हतं.